कापामावशीचे गोचीड

उत्तर रशियातल्या आमच्या पाल्गा गावात खरे गोचीड पोचायच्या कितीतरी आधी कापामावशीने ते तोंडाने आणले होते. ही गोष्ट आता गावात सगळ्यांना ठाऊक आहे, त्यामुळे सांगायला हरकत नाही. तिचीही नाही. उलट कोणी नीट सांगत नसेल तर ती मध्येच थांबवते आणि चुका दुरुस्त करते.

तिचं पूर्ण नाव कपितोलिना साव्वात्येव्हना, पण ते फक्त पेन्शन घेऊन येणारी पोस्टातली बाई उच्चारते. बाकी गावाला ती कापामावशी. उभी हयात तिने लाकूड कापायच्या कारखान्यात काढली. तिथे करवतीच्या वर आवाज चढवून बोलावं लागायचं, ती सवय निवृत्तीनंतरही सुटली नाही. तिने अंगणातून बकरीला हाक मारली की नदीपलीकडची गुरं मान वर करतात. नवरा कधीच गेला, मुलगी अर्खांगेल्स्कला असते. घरात ती आणि बाहेर बकरी, एवढाच संसार. आणि मोरोश्का.

मोरोश्का ही रानबेरी आमच्याकडे दलदलीत उगवते. आधी लाल, मग पिकली की मधाच्या रंगाची, मऊ. पाल्ग्यातलं माणूस एक वेळ आपलं खरं वय सांगेल, पण मोरोश्काची जागा सांगणार नाही. बाया मरताना ती मुलीच्या कानात सांगतात, आणि तेही जावई खोलीबाहेर गेल्याची खात्री करून. कापामावशीची जागा नदीपलीकडे जळक्या टेकडीमागे होती. हे मला ठाऊक, कारण आमच्या इथे पूल नाही आणि पलीकडे जायची होडी मी चालवतो. पण होडीवाल्याने बोलायचं नसतं. मी बोलत नसे.

कापामावशीला बोलायला लावलं ते फाइनाने. कापामावशीच्या कुंपणाला लागूनच तिचं कुंपण. पूर्वी गावच्या वाचनालयात होती, तीही एकटीच. दोघींचं भांडण कशावरून सुरू झालं ते दोघींना आठवत नाही, पण ते चालू ठेवायला मात्र दोघी विसरत नाहीत. एका ऑगस्टमध्ये कापामावशी दोन भरल्या बादल्या घेऊन दुकानासमोरून गेली आणि साखर घ्यायला आत शिरली. रांगेत फाइना उभी होती. तिने सगळ्यांना ऐकू जाईल असं, अगदी गोड आवाजात विचारलं, "एवढी कुठे गं मिळाली, कापे?"

सगळ्या रांगेने कान टवकारले. खोटी जागा सांगितली तर दुसऱ्या दिवशी पकडली जाणार, आणि गप्प राहिली तर फाइना मागावर निघणार.

"जळक्या टेकडीमागे," कापामावशी म्हणाली. "जा की. फक्त अंगावरचे गोचीड तिकडेच काढून ये. इकडे गावात आणू नकोस. मी आत्ताच पोटावरून तीन उपटलेत, त्यातला एक वाटाण्याएवढा फुगला होता."

तेव्हा गोचीड ही आमच्या लेखी दक्षिणेकडची गोष्ट होती. पेर्म, किरोव्ह, तिकडे कुठेतरी लोकांना चावतात आणि मेंदूज्वर होतो, असं टीव्हीवर दाखवायचे. आमच्याकडे सप्टेंबरच्या शेवटाला पहिला बर्फ आणि मेमध्ये शेवटचा. असल्या थंडीत डास आणि आम्ही, दोघंच तग धरतो अशी आमची समजूत होती. पण कापामावशी बोलते तेव्हा तिच्या आवाजालाच पुरावा मानायची गावाची सवय. दुकानदारीणबाई काउंटरपासून एक पाऊल मागे सरली. मागच्या एकाने साखर न घेताच रांग सोडली.

त्या दिवसापासून जळकी टेकडी कापामावशीची झाली. कोणी तिकडे फिरकेना. आणि लोकांची भीती विझू नये म्हणून ती अधूनमधून फुंकर घालायची. हिवाळ्यात, जेव्हा कोणाला दुसरा विषय नसतो, तेव्हा ती कोत्लासच्या दिराची गोष्ट काढायची. त्या बिचाऱ्याला गोचीड चावला आणि तोंड एका बाजूला असं वाकडं झालं, की आता त्याला शिट्टी वाजवता येत नाही. सूप प्यायला बसला तर निम्मं दाढीत. दरवर्षी दिराची तब्येत थोडी आणखी बिघडायची. तिला कोत्लासला दीर नव्हता हे आमच्या कोणाच्या लक्षात आलं नाही. मी तर तिचा नेहमीचा होडीवाला, पण मीही पलीकडच्या काठावर कधी पाय ठेवला नाही. ती बादल्या घेऊन जायची आणि मी होडीत दोन्ही पाय वर घेऊन कोंबडीसारखा बसून राहायचो.

अशी वर्षं गेली. आणि मग हिवाळे बिघडले. नदी उशिरा गोठायला लागली. जानेवारीत पाऊस पडला तेव्हा म्हाताऱ्या माणसांनी खिडकीशी उभं राहून छातीवर क्रॉसची खूण केली. टेकडीच्या बाजूचं जंगल तोडून नेलं होतं. तिथे कमरेइतकं गवत माजलं, गवतात उंदीर झाले आणि दक्षिणेकडून सांबरासारखी मोठाली जनावरं, आमचे एल्क, त्या मोकळ्या पट्ट्यांनी वर सरकायला लागले. त्यांच्या अंगावर बसून काय येतंय हे कोणी पाहिलं नाही.

पहिला गोचीड रिम्माने काढला. रिम्मा आमच्या गावच्या आरोग्यकेंद्रातली नर्स, आणि डॉक्टर नसल्याने डॉक्टरही तीच. एका मेमध्ये तिने एका कुत्र्याच्या मानेतून गोचीड उपटला. पुढच्या आठवड्यात त्याच कुत्र्याच्या मालकाच्या काखेतून. त्याच उन्हाळ्यात आणखी काही निघाले. रिम्माने जिल्ह्याला कळवलं आणि पुढच्या वसंतात जिल्ह्याहून एक तरुण डॉक्टर व्याख्यान द्यायला आला.

गाव क्लबमध्ये जमलं. कापामावशी पहिल्या रांगेत बसली होती आणि सुरुवातीला तिला हसू आवरत नव्हतं. गोचीड कसा गवताच्या टोकावर पाय पसरून वाट बघत बसतो, हे डॉक्टर सांगत होता आणि ती रुमालात तोंड खुपसून हलत होती. मग डॉक्टर म्हणाला की गोचिडामुळे दोन वेगळे आजार होतात. एकात मेंदूला सूज येते. दुसऱ्यात अंगावर लाल कडं उठतं, सांधे सुजतात आणि कधीकधी चेहऱ्याची एक बाजू लुळी पडून तोंड वाकडं होतं. सगळ्या गावाने एकदम कापामावशीकडे पाहिलं आणि मान डोलावली. कोणीतरी डॉक्टरला सांगितलंसुद्धा की हे आम्हाला केव्हाच माहीत आहे, यांच्या दिराचं तसंच झालंय. डॉक्टरने आदराने तिच्याकडे वळून दिराची प्रकृती विचारली.

कापामावशीचं हसू तिथे थांबलं.

त्यानंतर जून लागला. त्रोइत्साचा सण आला. त्या दिवशी आम्ही सगळे कबरस्तानात जातो, आपापल्या माणसांशेजारी बसून खातो-पितो. सणाच्या आधी जिल्ह्याहून एक गाडी आली आणि डोक्यापासून पायापर्यंत पांढरे कपडे घातलेल्या माणसांनी पाठीवरच्या टाक्यांमधून कबरींमधल्या गवतावर औषध फवारलं. दुकानाच्या दारावर गोचिडाचं भलंमोठं रंगीत चित्र लागलं. कापामावशी ते सगळं बघत होती. दुसऱ्या दिवशी ती दलदलीत फुलं कितपत धरलीत ते बघायला निघाली आणि परत येताना नदीच्या मध्यावर तिने माझं वल्हं धरलं.

"वेन्या, हे फार पुढे गेलं रे," ती म्हणाली.

तिचा आवाज इतका खाली मी कधी ऐकला नव्हता. मला वाटलं तिला बरं नाही.

"काय पुढे गेलं?"

"गोचीड. ते माझे आहेत. मी केलेत. दुकानात, फाइनाचं तोंड बंद करायला."

मला कळायला वेळ लागला. मग कळलं तसा मी माझ्या गुडघ्यांकडे पाहिलं. सवयीने ते आत्ताही पोटाशी होते. मी तिला म्हटलं की मावशी, मी इतकी वर्षं होडीत पाय वर घेऊन बसतोय.

"बसलास तर बसलास. पाय काही झिजले नाहीत," ती म्हणाली. "पण आता सरकार पांढरे कपडे घालून माझं खोटं फवारतंय. माझ्या नवऱ्याच्या डोक्यावर फवारलं, वेन्या. त्याला तर औषधाच्या वासाने आयुष्यभर शिंका यायच्या."

मी तिला समजावायचा प्रयत्न केला की रिम्माने खरोखरचे गोचीड काढलेत, कुत्र्याच्या मानेतून, माणसाच्या काखेतून. तिने ते ऐकूनच घेतलं नाही. चामखीळ असेल, ती म्हणाली. माणसाला एकदा नीट घाबरवलं की त्याला तिळालासुद्धा पाय दिसायला लागतात. तिची खात्रीच होती की तिच्या एका थापेने सगळं गाव, मग रिम्मा, मग जिल्हा वेडा झाला, आणि उद्या ही गोष्ट मॉस्कोपर्यंत जाणार. तिला भीती वाटत होती हे उघड होतं. पण मला वाटतं, आत कुठेतरी थोडा अभिमानही वाटत होता.

चार दिवस तिने कसेबसे काढले. मग एके सकाळी चांगली शाल पांघरली, डोक्याला नवा रुमाल बांधला, बकरीच्या दुधाचं चीज फडक्यात गुंडाळलं आणि आरोग्यकेंद्रात गेली. तिथे जे घडलं ते मला फाइनाने सांगितलं, कारण फाइना पडद्यामागे रक्तदाब मोजायचा पट्टा दंडाला बांधून पडली होती. रिम्माने तिला हलायचं नाही आणि बोलायचं नाही असं बजावलं होतं. दुसऱ्या कुठल्याही प्रसंगी फाइनाने ते पाळलं नसतं.

कापामावशीने सगळं कबूल केलं. दुकानातली रांग, पोटावरचे तीन, वाटाणा, कोत्लासचा दीर. ती म्हणाली की माझं वय झालंय, मला काय शिक्षा करायची ती करा, पण ते फवारणं थांबवा आणि ते चित्र दारावरून काढा, लहान मुलं घाबरतात. बोलताना ती सारखी कानामागे खाजवत होती.

रिम्माने शांतपणे विचारलं, "म्हणजे मावशी, गोचीड नाहीतच?"

"नाहीत. माझ्या जिभेवर होते तेवढेच."

"जरा रुमाल काढता का?"

रुमाल काढला. रिम्मा वाकली, दिवा जवळ ओढला, चिमटा घेतला, आणि जरा वेळाने ती वस्तू बशीत ठेवून बशी कापामावशीच्या नाकासमोर धरली. ती करडी, टरारून फुगलेली वस्तू पाय हलवत होती. कापामावशीने चष्मा लावून ती बराच वेळ न्याहाळली.

"हा कोणाचा?" तिने विचारलं.

"तुमचाच," रिम्मा म्हणाली.

पडद्यामागून पहिल्यांदा एक विचित्र आवाज आला, मग फाइना दंडावरचा पट्टा आणि त्याची नळी लोंबकळवत तशीच बाहेर आली. हसावं की मारावं ते तिला ठरवता येत नव्हतं. इतकी वर्षं मोरोश्कावाचून मी हिवाळाभर नुसता कोबी खाल्ला, एवढंच ती म्हणू शकली. रिम्माने तिचा रक्तदाब पुन्हा मोजला आणि दोघींना बाकाच्या दोन टोकांना बसवलं.

संध्याकाळपर्यंत गावभर झालं. आठवडाभर लोक कापामावशीशी बोलले नाहीत. दुकानदारीण तिला बघताच काउंटरपासून एक पाऊल मागे सरायची, मुद्दाम. पण खरा घोर वेगळाच होता. रिम्माने तो गोचीड ओल्या कापसाबरोबर बाटलीत घालून जिल्ह्याला पाठवला होता. तिथून निरोप आला की मेंदूज्वर नाही, पण तो दुसरा आजार त्याच्यात आहे. कापामावशीच्या मानेवर लाल कडं उठलं, अगदी डॉक्टरने सांगितल्यासारखं. तापही आला. रिम्माने गोळ्या दिल्या आणि संपेपर्यंत घ्यायच्या असं बजावलं. ताप उतरला, कडं पुसट झालं, गोळ्यांनी पोटात जळजळ व्हायला लागली, तशी कापामावशीने त्या बंद केल्या आणि बाटली मुकाट्याने पिठाच्या डब्यामागे ठेवून दिली. तिला वाटलं, आपल्याच गोचिडाला किती मान द्यायचा.

जुलै संपता संपता एका सकाळी ती चहा प्यायला बसली आणि चहा हनुवटीवरून खाली आला. तिने आरशात पाहिलं. अर्धा चेहरा खाली घसरला होता, एक डोळा मिटत नव्हता. रिम्माने गाडी बोलावली. मी तिला दंडाला धरून गाडीपर्यंत पोचवलं. सगळ्या वाटेत ती एक शब्द बोलली नाही. तिचं असं गप्प बसणं मला पांढऱ्या कपड्यांपेक्षा भयंकर वाटलं. दुसऱ्या दिवशी तिने इस्पितळातून फोन केला. शब्द नीट उमटत नव्हते.

"वेन्या, कोत्लासचा दीर मीच झाले रे," ती म्हणाली.

मला हसू आलं आणि लगेच लाज वाटली. पण पलीकडे तीही हसत होती, अर्ध्या तोंडाने. मग तिने विचारलं की बकरीचं कोण बघतंय.

बकरीचं फाइना बघत होती. तिला कोणी सांगितलं नव्हतं, कुंपणाची एक फळी काढून ती आपणहून गेली. पण बकरी दूध काढू देईना. तिला आपली मालकीण ऐकायची होती. दोन दिवस फाइनाने गोड बोलून पाहिलं. तिसऱ्या दिवशी सकाळी नदीवर मला कापामावशीची आरोळी ऐकू आली, अगदी तीच, शिवीसकट. मी होडी सोडून धावत गेलो. अंगणात फाइना उभी होती, लालबुंद, आणि बकरी शहाण्यासारखी दूध देत होती. पुढे महिनाभर गावात वाचनालयवाल्या फाइनाच्या तोंडून कारखान्यातल्या शिव्या येत होत्या. सरावाने तिला त्या बऱ्या जमायला लागल्या.

ऑगस्टमध्ये फाइना जळक्या टेकडीमागे गेली. रिम्माने सांगितलं तसं पँट मोज्यांत खोचून, पांढरा अंगरखा घालून, मानेला रुमाल घट्ट बांधून. काठावर पोचताच ती मलाही खाली उतर म्हणाली. मी उतरलो. पहिल्यांदाच. तिने दोन बादल्या भरल्या, आणि परत आल्यावर तिच्या अंगरख्यावर चालणारे दोन गोचीड मी चिकटपट्टीने उचलले. घरी थांबायच्या ऐवजी ती एक बरणी भरून बसने जिल्ह्याला गेली. तिथलं बोलणं शेजारच्या खाटेवरच्या बाईने नंतर लोकांना सांगितलं. कापामावशीने एक चमचा तोंडात घातला, अर्धा रस उशीवर गेला, आणि ती म्हणाली की या कच्च्या तोडल्यास.

"तुझं तोंड वाकडं आहे, चवही वाकडीच लागणार," फाइना म्हणाली आणि तिने उशी पुसली.

सलाइन, इंजेक्शनं, गालाचे व्यायाम असं बराच काळ चाललं. परत आली तेव्हा चेहरा बहुतेक सरळ झाला होता. एक गुडघा मात्र अजून कुरकुरतो, आणि थकली की डावा ओठ जरा खाली येतो. रिम्मा चतुर. शरद ऋतूत मेंदूज्वराच्या लसी आल्या तेव्हा तिने कापामावशीला आरोग्यकेंद्राच्या दारात खुर्ची टाकून बसवलं. कापामावशीने कोणाला काही सांगायची गरज पडली नाही. येणारा तिच्या ओठाकडे बघायचा आणि बाही वर करायचा. कोणी माघारी वळायला लागला की ती त्याला नावाने हाक मारायची, आणि तो आवाज तुम्हाला माहीत आहेच.

पण इस्पितळातून निघताना डॉक्टरने तिला एक नियम घालून दिला होता, आणि तो तिला लसीपेक्षा जड गेला. जंगलातून, बागेतून आलं की रोज सगळं अंग तपासायचं. मान, काखा, गुडघ्यांमागे, आणि पाठ. डॉक्टर म्हणाला, घरच्यांना सांगा पाठ बघायला. तिने हो म्हटलं. घरी आल्यावर तिने दोन आरसे समोरासमोर ठेवून पाहिलं, मान लचकली. वसंतात गवत वाढलं तेव्हा तिने बागेत जायचंच सोडलं. बटाटे लावायची वेळ निघून चालली तरी ती व्हरांड्यात बसून असायची. मी विचारलं तर म्हणाली की गुडघा दुखतोय. गुडघा नव्हता. तिची पाठ बघणारं कोणी नव्हतं, आणि ते ती मला तरी कशी सांगणार.

ते फाइनाच्या लक्षात आलं. तिलाही पाठ होतीच की. कुंपणाची ती फळी तिने परत बसवलीच नव्हती. एका संध्याकाळी ती चष्मा आणि टॉर्च घेऊन तिथून शिरली आणि कापामावशीला म्हणाली, "चल, पाठ दाखव. मग माझी बघ. आणि हात गार असतील तर आधी चुलीवर शेकून घे."

तेव्हापासून रोज चालू आहे. उन्हाळ्यात आमच्याकडे रात्रीचाही उजेड असतो, टॉर्चची गरज नसते, तरी फाइना टॉर्च लावतेच. खिडकीला पडदा ओढलेला असतो, पण कापामावशीच्या आवाजाला पडद्याचा काय उपयोग. मी नदीवर होडी बांधत असतो आणि सगळं ऐकू येतं.

"हलू नकोस. हे काय आहे?"

"तीळ आहे. जन्मापासून आहे."

"काल नव्हता."

"काल तू चष्मा लावला नव्हतास, फाइने."

"थांब, ओढून बघते."

मग एक आरोळी येते. पलीकडची गुरं मान वर करतात. आणि जरा वेळाने चहाचे पेले वाजतात.